चामडे कोणत्या प्राण्याचे?

वाराणसीच्या गंगाकाठी पंचगंगा घाट आणि ब्रह्माघाट यांच्या मधल्या टापूत दुर्गाघाट आहे. ब्रह्मचारिणी दुर्गेच्या मंदिरावरून या घाटाला हे नाव मिळाले. पेशव्यांना गुरुस्थानी असलेले कायगावकर नारायण दीक्षित पाटणकर यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात हा घाट बांधून काढला, आणि तेव्हापासून वैदिक, शास्त्री, पुराणिक अशा महाराष्ट्रीय कुटुंबांची येथे दाट वस्ती झाली. नाना फडणविसांचा वाडाही याच परिसरात आहे. काशीतील मराठी माणसाचा इतिहास सांगू लागले की दुर्गाघाटाचे नाव टाळता येत नाही.

या वस्तीत चामड्याला दोन दर्जे होते. पायताण उंबऱ्याबाहेर राही, आणि ते शिवणाऱ्याला तर गल्लीतही अंग चोरून चालावे लागे. उलट मुंजीच्या वेळी बटूच्या यज्ञोपवीताला मृगाजिनाचा तुकडा बांधला जाई, आणि जपाला बसण्यासाठी मृगचर्म पवित्र मानले जाई. मनुस्मृतीने तर ब्रह्मचाऱ्याने कोणते कातडे पांघरावे हे वर्णानुसार ठरवून दिले आहे: ब्राह्मणासाठी काळविटाचे, क्षत्रियासाठी रुरू नावाच्या हरणाचे आणि वैश्यासाठी बोकडाचे. याचा अर्थ असा की, कातडे कोणत्या प्राण्याचे हा प्रश्न या देशाला नवा नाही. कातड्याचे पावित्र्य, त्याची किंमत आणि ते वापरणाऱ्याची प्रतिष्ठा ही सर्व या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून होती.

पुरातत्त्वज्ञापुढे हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. त्याच्या हाती येतो तो तपकिरी, आकसलेला, केस झडून गेलेला तुकडा. तो जोड्याचा तळ आहे, पखालीचे तोंड आहे, की खोगिराचा पट्टा आहे हेही कित्येकदा कळत नाही. तथापि तो कोणत्या प्राण्याचा हे समजले, तर त्या काळच्या लोकांनी कोणती जनावरे पाळली, कोणती मारली, कोणता माल दुरून आणला आणि कोणत्या कामासाठी कोणते कातडे निवडले, याविषयी पुष्कळ सांगता येते.

चामडे केव्हा टिकते?

दुर्गाघाटापासून नदीच्या प्रवाहाबरोबर उत्तरेकडे गेले की वरुणा आणि गंगा यांच्या संगमाजवळ राजघाटचे पठार लागते. प्राचीन काशीचे अवशेष येथे आहेत. १९४० च्या सुमारास रेल्वेच्या कामासाठी खोदकाम चालू असताना ते उजेडात आले, आणि १९५७ पासून बनारस हिंदू विद्यापीठाने प्रा. ए. के. नारायण यांच्या नेतृत्वाखाली तेथे पद्धतशीर उत्खनन केले. मातीची भांडी, मुद्रांचे ठसे, मृण्मूर्ती, लोखंडी आणि हाडांच्या वस्तू असा विपुल ऐवज मिळाला. शहर एवढे मोठे आणि इतके दीर्घायुषी, म्हणजे तेथे जोडे, पखाली, ढाली, वाद्ये आणि घोड्यांचे साज असणारच. परंतु चामडे अशा मातीत फारसे टिकत नाही.

याचे कारण कातड्याच्या रचनेत आहे. कातड्याचा मुख्य घटक कोलॅजेन हे प्रथिन होय. त्याचे धागे दोरीच्या पिळासारखे एकमेकांत गुंतलेले असतात. पाणी, उष्णता आणि हवा एकत्र आली की सूक्ष्मजीव हे धागे झपाट्याने खाऊन टाकतात. गंगेच्या मैदानात दर पावसाळ्यात जमीन भिजते व उन्हाळ्यात तापून वाळते. कमावण्याच्या क्रियेत हिरडा किंवा बाभळीची साल यांतील टॅनिन कोलॅजेनला घट्ट बिलगते आणि चामडे कुजण्याला विरोध करते, हे खरे. पण हा विरोध शेकडो वर्षे पुरत नाही.

म्हणून चामडे सापडते ते टोकाच्या परिस्थितीत. एक परिस्थिती म्हणजे पूर्ण कोरडेपणा. तक्लामकानच्या वाळवंटातील निया येथे १९०१ मध्ये ऑरेल स्टाइन यांना खरोष्ठी लिपीत आणि प्राकृत भाषेत लिहिलेली चर्मपत्रे मिळाली. भारतीय लिपीतील लेखन असलेले चामडे भारताबाहेरच्या वाळूने जपले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. दुसरी परिस्थिती म्हणजे हवा न पोहोचणारा चिखल. उत्तर इंग्लंडमधील विंडोलांडा या रोमन ठाण्यात अशा चिखलातून हजारो जोडे निघाले आहेत. तिसरी परिस्थिती म्हणजे बर्फ. आल्प्स पर्वतात १९९१ मध्ये सापडलेला, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा ‘ओट्झी’ हा हिममानव अंगावरच्या कातड्याच्या कपड्यांसह हाती आला. चौथी शक्यता लहान पण उपयुक्त आहे. तांब्याच्या बकलाला किंवा मुठीला चिकटलेल्या चामड्यात धातूचे क्षार शिरतात, सूक्ष्मजीवांना अटकाव होतो, आणि बोटभर तुकडा शिल्लक राहतो. भारतीय उत्खननात चामडे शोधायचे तर धातूच्या वस्तूंवरील गंज घासून काढण्यापूर्वी तो भिंगाखाली पाहावा, हा धडा यातून मिळतो.

वस्तू नसली तरी लेखी पुरावा असतो. सारनाथ काशीपासून जवळच आहे, आणि बौद्ध भिक्षूंच्या आचारनियमांत ‘चम्मक्खन्धक’ हे प्रकरणच चामड्याविषयी आहे. सिंह, वाघ, चित्ता, काळवीट, पाणमांजर, मांजर यांच्या कातड्याने सजविलेली पादत्राणे भिक्षूंना तेथे निषिद्ध ठरविली आहेत. मात्र अवंतीसारख्या दूरच्या प्रदेशात मेंढा, बकरा आणि हरीण यांची कातडी अंथरण्यास मुभा दिली आहे. ज्याची बंदी करावी लागते ते समाजात प्रचलित असते, हे ध्यानात घेतले तर ही यादी म्हणजे त्या काळच्या चर्मबाजाराचे वर्णनच होय.

रोमकूपांची लिपी

केस गळून गेले तरी ते जेथून उगवत होते ती छिद्रे चामड्याच्या वरच्या थरात राहतात. त्यांना रोमकूप म्हणतात. त्यांची मांडणी प्रत्येक प्राण्यात निराळी असते. ती वाचता येणे म्हणजे एक लिपी वाचता येणे होय.

गाईबैलांच्या चामड्यात रोमकूप जवळजवळ सारख्या आकाराचे आणि सारख्या अंतरावर विखुरलेले असतात. वासराच्या चामड्यात मांडणी तीच, पण छिद्रे बारीक आणि दाट. म्हशीच्या अंगावर केस विरळ असल्याने छिद्रे दूर दूर असतात व पृष्ठभाग खडबडीत दिसतो. शेळीच्या चामड्यात मोठी छिद्रे ओळीने येतात आणि त्यांच्या शेजारी लहान छिद्रांची रांग असते. मेंढीच्या चामड्यात लोकरीमुळे बारीक छिद्रांचे पुंजके दिसतात, आणि वरचा थर खालच्या थरापासून सहज सुटून येतो. डुकराच्या चामड्यात छिद्रे तीन-तीनच्या गटात असतात आणि ती आरपार जातात, म्हणून मांसाकडच्या बाजूनेही दिसतात.

एवढ्यावरून काम सोपे वाटेल, परंतु तसे नाही. एकाच जनावराच्या पाठीचे आणि पोटाचे कातडे सारखे नसते. जोड्याच्या चवड्यावर चामडे ताणले जाते आणि रोमकूपांच्या ओळी वाकड्या होतात. टाचेवर वरचा थर झिजून जातो. पुरलेले चामडे बाहेर काढून वाळविले की आकसते, आणि छिद्रांमधील अंतर बदलते. अशा वेळी दोन अनुभवी अभ्यासकही एकाच तुकड्याविषयी वेगवेगळे मत देऊ शकतात. मेंढी आणि शेळी यांच्याबाबत असे वारंवार घडते.

प्रथिनांची आणि जनुकांची साक्ष

डोळ्याची मर्यादा जेथे येते तेथून रसायनशास्त्राचे काम सुरू होते. कोलॅजेन सर्व सस्तन प्राण्यांत असले तरी ते सर्वांत तंतोतंत सारखे नसते. साखळीतील काही दुवे प्राण्यागणिक बदलतात. एका विकराच्या साहाय्याने कोलॅजेनचे लहान तुकडे, म्हणजे पेप्टाइड, करावयाचे आणि त्यांचे वस्तुमान यंत्राने मोजावयाचे. मिळालेला आलेख बोटाच्या ठशासारखा असतो. मायकेल बकली, मॅथ्यू कॉलिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ही पद्धत पुरातत्त्वीय हाडांसाठी मांडली. पुढे ती कातड्यालाही लावली गेली. चर्मपत्राच्या बाबतीत तर तुकडा कापण्याचीही गरज उरली नाही. खोडरबराने पृष्ठभाग हलकेच घासून जी भुकटी पडते तीतील कोलॅजेन पुरेसे होते, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले.

या पद्धतीने काय हाती लागते याची काही उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. डेन्मार्कच्या दलदलींत सापडलेल्या कातडी वस्त्रांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे सूक्ष्मदर्शकाने निश्चित उत्तर मिळत नव्हते, पण प्रथिनांनी ते दिले. एका नमुन्यात अगदी कोवळ्या वासराच्या रक्तातच आढळणारे प्रथिन मिळाले, म्हणजे प्राण्याबरोबर त्याचे वयही कळले. ओट्झीच्या कपड्यांतील जनुकद्रव्य २०१६ मध्ये तपासले गेले. टोपी अस्वलाची, बाणांचा भाता रो जातीच्या हरणाचा, पायमोजे शेळीचे, लंगोटी मेंढीची, तर बुटाची वादी गाईच्या जातीच्या जनावराची निघाली. अंगरख्यात शेळी आणि मेंढी या दोहोंची कातडी जोडलेली होती. युक्रेनमधील सिथियन दफनांतील चामड्याच्या ४५ नमुन्यांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेक नमुने मेंढी, शेळी, गाय आणि घोडा यांचे होते, परंतु दोन नमुने मानवी त्वचेचे निघाले. सिथियन लोक शत्रूच्या कातड्याने भाते मढवितात असे हिरोडोटसने लिहून ठेवले होते. ही केवळ ऐकीव कथा असावी असे ज्यांना वाटत होते, त्यांना आपले मत बदलावे लागले.

तथापि या पद्धतींनाही मर्यादा आहेत. निकट नात्याच्या प्राण्यांचे कोलॅजेन सारखेच असते. गाय आणि बायसन यांच्यात ते भेद करू शकत नाही. जनुकद्रव्य अधिक नेमके सांगते, परंतु कमावताना वापरलेला चुना आणि टॅनिन त्याची मोडतोड करतात. शिवाय प्रत्येक तपासणीला खर्च येतो आणि बहुधा नमुना कापावा लागतो. संग्रहालयात हजारो तुकडे असतील तर सर्वांची अशी तपासणी शक्य नसते. म्हणून डोळ्यांनी केलेली प्राथमिक वर्गवारी अटळ ठरते. तज्ज्ञांचे डोळे मात्र थोडे असतात.

अनेकांचे डोळे

येथे सर्वसामान्य माणसाची मदत घेण्याची कल्पना पुढे येते. तिचा पाया खगोलशास्त्रात घातला गेला. २००७ मध्ये लाखो दीर्घिकांची छायाचित्रे जनतेपुढे ठेवून त्यांचे आकार ओळखण्याचे आवाहन ‘गॅलक्सी झू’ या प्रकल्पाने केले. प्रत्येक चित्र अनेकांना दाखविण्यात आले आणि त्यांच्या उत्तरांची तुलना करण्यात आली. याच प्रकल्पात हॅनी व्हॅन आर्केल या डच शाळाशिक्षिकेला एक अनोळखी तेजोमय वस्तू दिसली, आणि तज्ज्ञांना एका नव्या प्रकारच्या वस्तूचा अभ्यास करावा लागला. पुरातत्त्वात ब्रिटिश म्युझियम आणि लंडनचे युनिव्हर्सिटी कॉलेज यांनी ‘मायक्रोपास्ट्स’ या उपक्रमाद्वारे जुन्या नोंदपत्रांचे लेखन आणि वस्तूंच्या छायाचित्रांचे काम लोकांकडून करून घेतले.

रोमकूपांची मांडणी ओळखणे हे याच जातीचे काम आहे. त्यासाठी पदवी लागत नाही. चांगले छायाचित्र, शेजारी ठेवलेले नमुने आणि थोडा सराव लागतो. मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. चुका दोन प्रकारच्या असतात. कोणी घाईने शेळी म्हणेल, कोणी मेंढी. या विखुरलेल्या चुका पुष्कळ उत्तरे जमविली की आपोआप गळून पडतात. परंतु ताणलेले वासराचे चामडे सर्वांनाच शेळीचे वाटले, तर हजार लोकांची एकवाक्यताही ते शेळीचे करू शकत नाही. म्हणून ज्यांचा प्राणी प्रयोगशाळेत निश्चित झाला आहे असे तुकडे अनोळखी तुकड्यांत मिसळून द्यावे लागतात. त्यांवरून लोक कोठे चुकतात ते कळते. तसेच ‘सांगता येत नाही’ हे उत्तर सन्मानाचे मानावे लागते. झिजलेल्या तुकड्यावर मत देण्यास भाग पाडले तर माणूस अंदाज करतो, आणि अंदाजांची बेरीज म्हणजे ज्ञान नव्हे.

याप्रमाणे काम वाटले गेले की ज्या तुकड्यांवर सर्वांचे एकमत होते ते बाजूला काढता येतात, आणि ज्यांवर मतभेद आहेत तेवढेच प्रथिनांच्या तपासणीला पाठविता येतात. पैसा वाचतो, वस्तू कमी कापल्या जातात, आणि यंत्राचे उत्तर पुन्हा लोकांच्या डोळ्यांना शिकविते.

हातांचे ज्ञान

भारतात लोकांच्या मदतीचा आणखी एक, अधिक मोलाचा अर्थ आहे. येथे चामडे जमिनीत टिकले नाही, पण चामड्याचे ज्ञान माणसांत टिकले. कोणत्या कामाला कोणते कातडे, हे महाराष्ट्रातील ढोर आणि चांभार कारागीर पिढ्यान्‌पिढ्या जाणत आले. विहिरीवरच्या मोटेला आणि पाणी वाहणाऱ्या पखालीला जाड, चिवट कातडे लागे. भिस्त्याची मशक बकऱ्याच्या अखंड कातड्याची असे. तबल्याच्या पुडीला बकऱ्याचे पातळ कातडे लागते, तर ती ताणणाऱ्या वाद्या जाड चामड्याच्या असतात. काशीत पंडित राम सहाय यांच्यापासून तबल्याचे स्वतंत्र घराणे चालत आले, म्हणजे पुडी बांधणाऱ्यांची परंपराही तेवढीच जुनी असली पाहिजे. दिमडीवर पूर्वी घोरपडीचे कातडे चढवीत. कोकणात पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ जपला. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांकन मिळाले, तिचा तळ बाभूळ आणि हिरडा यांनी कमावलेल्या चामड्याचा असतो.

असा कारागीर चामडे बोटांत धरून दुमडतो, नखाने दाबतो, रापीने कडेचा पापुद्रा काढून पाहतो, आणि ते कोणत्या जनावराचे, अंगाच्या कोणत्या भागाचे व कच्चे राहिले की पक्के झाले हे सांगतो. संशोधनाला तुलनेसाठी लागणारे नमुने, म्हणजे प्राणी, वय, अंगाचा भाग आणि कमावण्याची रीत ठाऊक असलेले तुकडे, देऊ शकणारा माणूस हाच आहे. चेन्नईला १९४८ पासून केंद्रीय चर्म संशोधन संस्था कार्यरत आहे. तिच्यासारख्या संस्थांचे शास्त्र आणि कारागिरांची स्मृती एकत्र आली तर भारतीय चामड्याचा विश्वसनीय नमुनासंग्रह उभा राहू शकतो.

या ज्ञानाचे गोडवे गाताना त्याची किंमत कोणी मोजली हे विसरता कामा नये. वाराणसीच्या दक्षिण टोकाला सीरगोवर्धनपूर येथे संत रोहिदासांचे जन्मस्थान मानले जाते. चामड्याचे काम करीत त्यांनी ईश्वरापुढे सर्व समान असल्याचे सांगितले. तरी त्यांच्या व्यवसायाला चिकटलेला कलंक शतकानुशतके गेला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरे ओढण्याचे लादलेले काम सोडून देण्याचा आग्रह धरला तो याच कारणाने. अनेक कुटुंबांनी हा व्यवसाय सोडला, हे योग्यच झाले. कोणाच्या मुलांनी केवळ संशोधनाच्या सोयीसाठी जुन्या कामात राहावे असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु ज्यांना हे काम येत होते ते वृद्ध हयात आहेत तोवर त्यांची माहिती त्यांच्या नावानिशी नोंदविली पाहिजे. संग्रहालयातील पाटीवर ढाल ज्याने वापरली त्याचे नाव असते, ती ज्याने मढविली त्याचे नसते. निदान नमुन्यांच्या वहीत तरी ही चूक पुन्हा होऊ नये.

घरातील कातडी

मदतीचा तिसरा मार्ग घरातूनच जातो. जुन्या वाड्यांत माळ्यावर मृगचर्म, वाघाचे कातडे, गेंड्याच्या कातड्याची ढाल, खोगीर किंवा फुटका पखवाज पडलेला असू शकतो. कुटुंबाला त्याचा काळ आणि मूळ ठाऊक असेल, तर अशी वस्तू उत्खननातील तुकड्याहूनही उपयोगी पडते. पण तिच्याबाबत कायदा माहीत असणे आवश्यक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट, वाघ, गेंडा आणि घोरपड यांना कडक संरक्षण दिले आहे. अशा प्राण्यांच्या जुन्या वस्तू जाहीर करण्याची संधी २००३ च्या नियमांनी दिली होती. मालकीचा दाखला असला तरी त्या विकता येत नाहीत. म्हणून अशी वस्तू सापडल्यास ती कोणाला परस्पर देऊ नये, तिचा तुकडा कापून पाठवू नये, आणि वनखात्याला कळवावे. जमिनीतून काही मिळाले तर ते धुऊ नये, उन्हात वाळवू नये व तेल लावू नये. मिळाले तेव्हा ओले असेल तर ओलेच ठेवावे, आणि जागेची नोंद करून पुरातत्त्व खात्याला वर्दी द्यावी.

वन्यप्राण्यांच्या रक्षणालाही हीच विद्या उपयोगी पडते. मृगाजिन म्हणून विकले जाणारे कातडे खरोखर काळविटाचे असेल तर तो गुन्हा आहे, आणि बकऱ्याचे असेल तर ती फसवणूक आहे. दोहोंचा निवाडा करणारी परीक्षा एकच आहे. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था केस आणि जनुकद्रव्य यांवरून जप्त केलेल्या कातड्यांची ओळख पटविते. पुरातत्त्वज्ञाचा तुकडा दोन हजार वर्षांचा असेल आणि वनाधिकाऱ्याचा दोन महिन्यांचा, परंतु दोघेही एकच प्रश्न विचारतात.

सारांश, चामड्याच्या ओळखीला तीन साक्षीदार लागतात. पहिला डोळा, तो अनेकांचा असावा आणि शिकविलेला असावा. दुसरे यंत्र, ते डोळ्याला शंका येते तेथे वापरावे. तिसरा कारागीर, त्याला प्रथम विचारावे, कारण पहिल्या दोघांनी ज्या नमुन्यांशी तुलना करावयाची ते त्याच्याकडे आहेत. दुर्गाघाटाच्या पाठशाळेत बटूला काळविटाचे कातडे म्हणून जे बांधले जाई, त्याची पारख करणारा माणूस त्या पाठशाळेच्या पायरीवर चढू शकत नव्हता. त्याची साक्ष आता नोंदीत आली पाहिजे.